सापाला दिलेला चेहरा

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकटे,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. आता खोडलं तर कागद खराब होईल, म्हणून राहू दे.

कामाचं पत्र आहे, कामाचंच लिहिते. परवाच्या गारपिटीत चर्चची पूर्वेकडची खिडकी फुटली, हे फादरनी तुला कळवलंच असेल. तुला ते सगळंच कळवतात. एदेन बागेची रंगीत काचांची खिडकी, आजोबांनी केलेली. झाड शाबूत आहे. आदाम हनुवटीपर्यंत तडकलाय, पण जोडता येईल. हव्वेचं डोकं गेलं आणि सापाचा तर पार भुगा झाला.

समितीची बैठक चालली होती तेव्हा मी बाहेर बाकावर चाळीस मिनिटं बसून होते. मग फादर आले आणि म्हणाले, ताई, सगळी खिडकी तुम्हीच करा, काचांना तुमच्यासारखं शिसं आता कोण बसवतं? फक्त हव्वेचा चेहरा तेवढा धाकटीकडून करून घेऊ या, तिचं एवढं नाव झालंय. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार होते? एकवीस चौरस फुटांची खिडकी माझी, तळहाताएवढी काच तुझी, आणि उद्घाटनाच्या दिवशी लोक कुठे बघतील हे सांगायला ज्योतिषी नको.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. उंची साडेसहा इंच, रुंदी पाच. काच फिकट, किंचित हिरवट झाक असलेली घे, आजोबांची तशीच होती. हव्वा बघणाऱ्याकडे तोंड करून आहे, फक्त नजर फळाकडे. चेहरा भट्टीत भाजूनच पाठव. भाजलेला रंग पुसता येत नाही, आणि तुझा कच्चा रंग माझ्या हाताशी असलेला बरा नव्हे. का, ते तुला माहीत आहे.

साप मी करतेय. साप नेहमी मीच करते. आप्पांनी वाटणी करून ठेवली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि तू अकरा. न्यायाच्या दिवशी ख्रिस्ताच्या उजव्या हाताला पुण्यवान मेंढरं, डाव्या हाताला पापी शेरडं, तशाच आपल्या कारखान्यात दोन पोरी. तुला कोकरू, कबुतर, लिलीची फुलं, देवदूतांचे पंख, आणि पुढे चेहरे. मला शेरडांची शिंगं, अजगराचे खवले, नरकाचा जबडा, आणि प्रभूला पैशांसाठी धरून देणाऱ्या त्या दगाबाज शिष्याचा पिवळा झगा, तोही पाठमोरा. का, तर म्हणे नरक तुझ्या हाताला छान लागतो. मी किती शेरडं काढली असतील आयुष्यात? खाटकानं पाहिली नसतील एवढी. चर्चमध्ये पोरं आधी माझीच सैतानं बघतात, हे खरं आहे. पण मोठी माणसं तुझ्या देवदूतांपुढे गुडघे टेकतात.

एक मात्र झालं. आजोबांच्या सापाला बाईचं तोंड होतं, आठवतं? फार जुन्या चित्रांत असायचं तसं. समितीला खिडकी होती तशीच हवी आहे. म्हणजे पन्नाशी उलटल्यावर का होईना, मला एक चेहरा मिळाला.

आप्पा बरे आहेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. रोज सकाळी विचारतात, तिचं पत्र आलं का? मी त्यांचा चहा करते, औषधं देते, नखं कापते. माझं पत्र आलं का असं मात्र कुणी विचारत नाही. मी इथेच असते ना.

ताई

१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

खोकं मिळालं. काच शाबूत आहे. बांधायला तू अजून तीच गाठ मारतेस, सुटता सुटत नाही. शेवटी कापली.

तर चेहरा बघितला. खिडकीशी धरून दोनदा बघितला. खरं सांगू? एवढं नाव ऐकून होते म्हणून असेल, पण मला वाटलं होतं काहीतरी दिपून जाण्यासारखं असेल. ही हव्वा का? ही तर सकाळपासून काम करून दमलेली बाई वाटते. नाक मोठं. डोळ्यांखाली दोन रेघा कशाला? जगात म्हातारपण यायचं होतं अजून, ते तर हिच्याच पायी आलं. कपाळ चांगलं आहे. ओठ मिटलेले, काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखे. आणि एका भुवईत खंड पडलाय. हात उचललास की रंग उडाला? म्हणशील तर मी बारीक कुंचल्यानं भरून पुन्हा भाजते. एवढं मला जमेल.

चिठ्ठीही वाचली. 'ताई, भाजून पाठवतेय. या खेपेला पुसता येणार नाही असा.' वा! अकरा वर्षांनी दोन ओळी, आणि त्यातही टोमणा. म्हणजे तुलाही आठवतंय तर. मी समजत होते, ते मलाच एकटीला आठवतं.

अकरा वर्षांपूर्वीची ती शेवटच्या भोजनाची खिडकी. आप्पा तापानं आडवे होते आणि तू बाहेर गेली होतीस. प्रभूच्या खांद्यावर डोकं टेकलेला तो तरुण शिष्य, त्याचा चेहरा मी तीन दिवस खपून काढला. आयुष्यातला पहिला. भट्टी लावायच्या आधी तू आलीस, बघितलंस, 'ताई, हे नाही गं जमलं' म्हणालीस आणि ओलं फडकं फिरवलंस. एवढंच. एका हाताच्या फिरवण्याचं काम. मग त्याच काचेवर दीड तासात तू तुझा चेहरा काढलास, आणि तो इतका चांगला होता की मला भांडताही येईना. तिथेच तर सगळं अडलं. वाईट असता तर मी तुला कधीच माफ केलं असतं.

आप्पांनी हव्वेला हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि हसले. खूप वेळ हसत होते. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, काही नाही, छान केलंय पोरीनं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जाऊन शिशाच्या पट्ट्या ताणत बसले.

सापाला सुरुवात केलीय. कुणाचा चेहरा समोर ठेवू ते ठरत नव्हतं, आता ठरलं.

ताई

१ मार्च, शनिवार

धाकटे,

उद्घाटन तीस तारखेला आहे. फादर म्हणाले, तू यायचं म्हणतेयस. मला वाटतं, येऊ नयेस. चर्चमध्ये थंडी असते. गर्दी होईल, तुला पाहुण्यांसारखं पुढे बसवतील, भाषण करायला लावतील. शिवाय तुझी पाठ दुखते असं ऐकलं. फोटो पाठवते ना मी.

हव्वेच्या भुवईबद्दल काही कळवलं नाहीस. मी तशीच ठेवलीय. चूक तुझी, दिसू दे लोकांना.

साप झाला. भाजला, शिशात बसवला, डाख दिला. कसा झाला ते मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? पण सांगतेच, कारण दुसरं कुणी तुला सांगणार नाही. उत्तम झालाय. झाडाला तीन वेढे, खवले हिरवे-पिवळे, आणि वर फांदीआडून डोकावणारं बाईचं तोंड. आप्पा शिकवायचे ना, चांगलं सरळ उभं राहतं, वाईट वळत येतं. सैतान कुरूप काढू नका, कुरूप असता तर त्याच्या नादी कोण लागलं असतं? म्हणून सुंदर काढली. टोकदार हनुवटी. एकाच गालावर खळी. हसताना डावा डोळा किंचित बारीक. ऐकून घेतेय असं दाखवणारी मान, आणि आधीच सगळं ठरवून बसलेले ओठ. कुठलंही चित्र समोर ठेवायची गरज पडली नाही. नुसते डोळे मिटायचे आणि काढायचं. एकदाही पुसावं लागलं नाही.

आप्पांना दाखवली. डोळा काचेला लावून इंच इंच बघितली. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, 'मी तुला कधी चेहरे दिले नाहीत. चुकलं माझं.'

धाकटे, हे वाक्य ऐकायला मी पस्तीस वर्षं थांबले. तुला त्यांचं कौतुक रोज मिळायचं, चहाबरोबर बिस्किट मिळावं तसं. मी हात धुवायच्या निमित्तानं मागे गेले आणि नळ सोडून रडले. आणि रडता रडता माझ्या मनात काय आलं असेल? की हे तू ऐकायला हवं होतंस.

फक्त एक झालं. चर्च झाडणारी बाई काल पाण्यासाठी बादली घेऊन कारखान्यात आली होती. सापाकडे बघून थबकली. म्हणाली, अगं बाई, ही तुमची धाकटी ना? मी म्हटलं, छे, काहीतरीच. तर म्हणाली, लहानपणी मीच तर तिचे केस विंचरायचे.

येऊ नकोस तू. पाठीला जप.

ताई

१२ मार्च, बुधवार

धाकटे,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता तिसरं फाडणार नाही, कागद संपत आलेत.

आधी जे सांगायचं ते सांगून टाकते. सापाला मी तुझा चेहरा दिला. मुद्दाम. चुकून नाही, सवयीनं नाही. सगळ्या गावानं दर रविवारी तुला झाडावर वेढे घालून बसलेली बघावं, तुझ्या नावाचे गोडवे गाताना वर तुझीच जीभ दुभंगलेली दिसावी, म्हणून. तू हव्वेचा चेहरा काढून वाहवा घेणार होतीस आणि मी तुला तिच्याच शेजारी, सापात, डाख देऊन पक्कं करणार होते. पुसता येणार नाही असं. जळत होते मी, दुसरा शब्द नाही त्याला. अकरा वर्षं मासिकात तुझा फोटो आला की मी ते पान उलटून त्यावर भाजी निवडली.

आता परवाचं ऐक. हव्वेला शिशात बसवायची होती. तुला माहीत आहे, बसवायच्या आधी मी काच उलटी करून मागची बाजू पुसून घेते. तुला या सवयीचं हसू यायचं, मागून कोण बघणार म्हणायचीस. तर काच उलटी केली, खिडकीसमोर धरली, आणि समोर मी होते.

मी, धाकटे. सकाळी केस विंचरताना आरशात दिसते ती. तेच नाक, डोळ्यांखाली त्याच दोन रेघा, आणि डाव्या भुवईतला खंड. लहानपणी तू शिडी हलवलीस आणि मी पडले, तेव्हा घातलेल्या टाक्याचा. सुलट होती तेव्हा तीन आठवडे मी तिला नावं ठेवत होते आणि मला कळलं नाही, कारण सुलट मी मला कधी बघितलंच नाही. माणूस स्वतःला आरशातच बघतं, उलटं. सुलट बाजूनं मला बघितलंय ते तू. आणि आप्पांनी. म्हणून ते हसत होते. आणि मी ती भुवई भरायला निघाले होते गं! कुंचला ओला करून ठेवला होता, तू हो म्हणाली असतीस तर भरलीच असती.

तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली. 'या खेपेला पुसता येणार नाही असा.' टोमणा नव्हता तो. मला माफी मागितलेली ओळखू येत नाही, हा माझा दोष. आपल्या घरात कुणी कधी मागितली नाही, त्यामुळे दिसते कशी तेच ठाऊक नव्हतं.

आता मी काय करू? सांगते मला काय वाटतं ते, लाज सोडून. साप काढावासा वाटत नाही. तो मी केलेला एकमेव चेहरा आहे आणि तो चांगला आहे. आप्पा रोज काठी टेकत येऊन त्याच्यापुढे उभे राहतात. तो काढला तर आप्पांचं ते वाक्यही गेलं, आणि ठेवला तर तू गेलीस. म्हणजे तू गेलेलीच आहेस, पण आतापर्यंत तू तुझ्या पायांनी गेलेली होतीस, आता मी घालवलेली होशील.

आणि खरं तर अजूनही जळतेय. तू मला हव्वा केलंस म्हणून वितळले, असं नाही. उलट आणखी जळले. एवढी मोठी गोष्ट तुला सुचली आणि मला साप सुचला. चांगुलपणातही तूच पुढे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तो पीळ मी.

येऊ नकोस म्हटलं होतं. ते मी माझ्यासाठी म्हटलं होतं, तुझ्या पाठीसाठी नाही. आता तू ठरव.

ताई

२४ मार्च, सोमवार

प्रिय धाकटे,

या वेळी 'प्रिय' बघून, ठरवून लिहिलंय.

'साप राहू दे, चांगला झाला असेल तर काढू नकोस,' असं तू कळवलंस. वाचून मी संतापले. एवढं शहाणं असू नये माणसानं. तुझा कागद मिळायच्या आदल्याच दिवशी मी तो काढला होता. शिसं वाकवलं, डाख वितळवला, दोन अख्ख्या सकाळी गेल्या, पण काच फुटू दिली नाही.

मग भिंतीवरचा आरसा काढून कामाच्या टेबलावर टेकवला आणि नवीन चेहरा काढला. माझा. आरशात दिसते तसा, खंडासकट. तो जमायला मात्र चार वेळा पुसावं लागलं. स्वतःच्या डोळ्यांतलं कसं काढायचं, हे कधी आप्पांनी शिकवलं नव्हतं. तिसऱ्यांदा पुसताना तुझं ते फडकं आठवलं. जमलं नव्हतं ते, धाकटे. तो शिष्य झोपेत दात दुखत असल्यासारखा दिसत होता. मी हे तेव्हाही जाणून होते.

आता खिडकी बसलीय. हव्वा फळाकडे बघतेय आणि फांदीआडून साप हव्वेकडे, आणि दोघींचं तोंड एकच, फक्त एक सुलट आणि एक उलट. फादर येऊन बघून गेले. म्हणाले, फार जुन्या चित्रकारांची ही रीतच होती, सापाला हव्वेचंच तोंड द्यायची. तुम्हाला कुठे मिळालं वाचायला? मी म्हटलं, वाचायला नाही, टेबलावर मिळालं. त्यांना काही कळलं नाही, पण समितीला सांगण्यासाठी त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

चर्च झाडणारी बाई म्हणाली, आता बरं दिसतं. मग म्हणाली, पण दोन्हीकडे तुम्हीच कशा?

आप्पांना आणलं. डोळा काचेला लावून त्यांनी नवा साप नीट बघितला. मी बाजूला उभी होते, हात पुशीत. म्हटलं, बघू काय म्हणतात. ते म्हणाले, 'पहिली बरी होती.'

धाकटे, तुला सांगते, पहिल्यांदाच मला राग नाही आला. म्हणजे आला, पण नळापर्यंत जायची वेळ आली नाही. मी म्हटलं, हो आप्पा, बरी होतीच ती. ते म्हणाले, 'ती कुठे ठेवलीस?' म्हटलं, जिची आहे तिला पाठवतेय.

म्हणून सोबत हे खोकं. गाठ तुझ्याच पद्धतीची मारलीय, कापू नकोस, सोडव. आत कापसात तुझा चेहरा आहे. गळ्याशी दोन-चार खवले लागलेत, ते काचेचाच भाग आहेत, निघणार नाहीत. दुभंगलेली जीभ वेगळ्या काचेवर होती, ती मी फोडून टाकली. कडा धारदार आहेत, बोट जप.

मी हा राग राग करत काढला होता, हे लपवत नाही. पण एवढ्या रागानं काढायला बसले तेव्हा मला तुझी प्रत्येक रेघ पाठ होती. खळी कुठल्या गालावर, डोळा कुठला बारीक, सगळं. अकरा वर्षं ज्या माणसाकडे बघितलं नाही म्हणत होते, त्याचं एवढं पाठ कसं राहतं ते मला सांगता येणार नाही. तुला येत असेल तर रविवारी येऊन सांग. पुढे बसायला सांगतील, बसू नकोस. मागच्या बाकावर आप्पांच्या एका बाजूला मी असते, दुसरी बाजू रिकामी आहे.

आणि हव्वेचं नाक. ते राहू दिलंय मी. पण माझं एवढं मोठं नाहीये.

काच आधी सुलट धर. ती मी बघितलेली तू. मग उलटी करून उजेडाकडे ने, म्हणजे तुझी तुला ओळख पटेल. मागची बाजू मी पुसून ठेवलीय.

तुझी
ताई